मावसदिरांची थंडीतली गाडी

आमचे मावसदीर देवळात गेले तरी हात जोडण्याआधी देवाच्या पाठीमागे कोण उभं आहे ते डोकावून बघत. इतक्या माणसांवर, जनावरांवर आणि वस्तूंवर एकाच वेळी संशय घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि सणसरात इतकी वर्षं संसार केल्यावर मी माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. गाय दूध कमी देऊ लागली की ती दुसऱ्या कुणाला तरी देते आहे असं त्यांना वाटे. कोंबडा लवकर आरवला तर त्याला कुणी उठवलं याची चौकशी होई. उशिरा येणाऱ्यावर त्यांचा संशय असेच, पण लवकर येणाऱ्यावर त्याहून जास्त. "येळंच्या आधी जो येतो, त्याच्या मनात कायतरी हाय," असं ते म्हणत. ते माझ्या यजमानांचे मावसभाऊ. यजमान वारल्यावर पाटाच्या पाण्यावरची पेरूची बाग मी बघत होते, आणि माझ्या पाट्या भिगवणच्या स्टेशनावर पोहोचवायला गावात एकच मोटार होती, ती त्यांची. त्यामुळे त्यांचा संशय सोसणं हा माझ्या कामाचाच भाग झाला होता.

ती मोटार त्यांनी कालव्यावरच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. साहेब विलायतेला परत चालला होता आणि गाडी त्याच्यापेक्षा थकलेली होती. वर कापडाचं छप्पर, बाजूंना काही नाही, पुढे हँडल मारायचं. उन्हाळ्यात ती तीन हिसक्यांत चालू होई. पण दिवाळी झाली आणि भीमेकडून गार वारं यायला लागलं की गाडी सकाळी उठायला तयार नसे. साहेबाने जाताना आपल्या खानसाम्याकरवी निरोप दिला होता की थंडीत रोज संध्याकाळी पुढच्या टाकीतलं पाणी सोडून द्यावं, नाहीतर त्याचा बर्फ होतो आणि इंजिन फुटतं. हा सल्ला साहेबाच्या गावासाठी होता. आमच्याकडे पौषात हौदातलं पाणी हाताला चावतं, पण त्यावर साय धरावी तसा बर्फ धरलेला काही कुणी पाहिला नाही. मी एकदा म्हटलं, "भावजी, आपल्याकडं पान्याचा बर्फ होत न्हाय."

"आजपातुर झाला न्हाय," ते म्हणाले. "म्हंजे कुठंतरी टपून बसलाय."

तेव्हापासून मी त्या विषयात पडले नाही. रोज दिवस मावळताना ते टाकीची तोटी सोडत, आणि निघालेलं पाणी बादलीत धरून ते घातलं तेवढंच आहे ना हे बघत. मग इंजिनाचं तेल खालून काढून एका तपेलीत भरत आणि तपेली चुलीजवळ उबेला ठेवत. प्लग काढून फडक्यात बांधत. बॉनेटवर घोंगडी टाकून तिच्याभोवती काळा दोरा गुंडाळत आणि त्याला अशी गाठ मारत की ती सोडून पुन्हा तशीच मारणं कुणाला जमू नये. सकाळी आधी गाठीची तपासणी होई. मग माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, चुलीवर हंडाभर पाणी तापवी आणि भाकरीच्या आधी तव्यावर प्लग भाजून काढी. "माझ्या चुलीवर पयली न्ह्यारी गाडीची," ती म्हणे. "मानसांचं मागनं." एका सकाळी तपेलीतलं तेल बोटभर कमी भरलं. दुपारी जेवताना त्यांनी आमटीचा वास तीनदा घेतला. जावेने वाटी उचलली आणि दोन दिवस आमटी केली नाही.

पेट्रोलचे डबे बारामतीहून येत. डबा फोडला की थोडं तळहातावर घेऊन ते फुंकर घालत. हात गार पडला की म्हणत, "बघा, डब्यातच थंडी भरून दिलीया." पेट्रोलनं हात गारच पडतो, हे त्यांना बारामतीच्या दुकानदाराने समजावून सांगितलं होतं. त्यानंतर ते त्या दुकानात गेले नाहीत. इतकं समजावून सांगणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

एवढं सगळं केल्यावरही गाडी चालू झाली नाही, तर दोष थंडीचा नव्हताच. कुणीतरी काहीतरी केलेलं असे. आणि ते कुणी केलं हे शोधायची त्यांची एक रीत होती. त्या वेळी गाडीजवळ जो कुणी उभा असेल, त्याने गाडी ढकलायची. "ज्यानं केलं न्हाय, त्याला ढकलायला काय हरकत हाय?" ते विचारत. या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे सगळे ढकलत. तलाठ्याने ढकलली, देवीची लस टोचायला आलेल्या डॉक्टराने ढकलली, सोवळ्यात निघालेल्या एका भटजींनी कोपराने ढकलली. त्यांच्या दारासमोरून ओढ्यापर्यंत उतार आहे. उतार संपायच्या आत गाडी खोकली तर खोकली, नाहीतर बैलं जुंपून पुन्हा वर आणायची आणि नवा संशयित गाठायचा.

माझ्या भावाची मुलगी सगुणा एका हिवाळ्यात माझ्याकडे होती. सोळाव्या वर्षी तिचा नवरा गेला. सासर लोणी भापकरला. तिथे तिला दोन वेळचं खायला मिळे आणि चार माणसांचं काम असे. पेरूच्या तोडणीला मदत म्हणून मी तिला आणली आणि परत पाठवली नाही. मराठी शाळा तिची झालेली होती, हात स्वच्छ होता, रक्त बघून घाबरत नसे. मी पुण्याच्या एका इस्पितळाला नर्सच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं की अमुक दिवशी दुपारी बाराच्या आत हजर राहावं, नाहीतर जागा दुसरीला दिली जाईल. ही बातमी लोणीला कशी पोहोचली ते मला कळलं नाही, पण पोहोचली. तिच्या सासऱ्याने निरोप धाडला की मी येऊन सुनेला घेऊन जाणार, आणि यापुढे ती माहेरच्या माणसांच्या दृष्टीस पडणार नाही. भाऊ माझा भित्रा. तो म्हणाला, तू बघ. सासरा आला तर सगुणा त्याच्याबरोबर जाणार हे ठरलेलं होतं. तो यायच्या आधी, इस्पितळाने दिलेल्या दिवशी, तिला भिगवणहून सकाळची आगगाडी मिळायला हवी होती.

अडचण अशी की तिचा सासरा आणि आमचे मावसदीर बाजारात भेटले की एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खात. ज्याच्या चंचीतलं ते खात असा हा एकच माणूस. म्हणून मी मावसदिरांना काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी फक्त म्हटलं, "उद्या पेरूच्या पाट्या न्यायच्यात."

"परवाच तर नेल्या," ते म्हणाले. "झाड दोन दिसांत एवढं कुठनं देतंय?"

"उशिराचा बहार हाय."

"आसंल," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पुढे आणि सगुणा आडोशाने, अशा त्यांच्या अंगणात गेलो. थंडी अशी की पाटीची कडी धरवत नव्हती. ते गरम पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात मी सगुणाला मागच्या बाजूला पाट्यांच्या मधे बसवलं आणि बॉनेटवरून काढलेली घोंगडी तिच्यावर टाकली. त्यांनी येऊन टाकीत पाणी ओतलं, तेल भरलं, प्लग बसवले, हँडल मारलं. गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. पुन्हा हँडल. पुन्हा तेच. त्यांनी काळ्या दोऱ्याची गाठ खिशातून काढून उजेडात धरली. मी पूर्वेकडे बघत होते. उजेड वाढत होता आणि गाडी तिथेच होती.

तेवढ्यात तट्टावर बसून सगुणाचा सासरा आला. तो बारामतीला मुक्काम करून अंधारात निघाला असावा. तट्टू बाभळीला बांधून तो हात चोळत पुढे आला. "रामराम. वैनीबाई हितंच भेटल्या, बरं झालं. सुनंला न्यायला आलुया."

"घरी हाय," मी म्हटलं. "मी भिगवनला पाट्या घालून येते. तुमी घरी जाऊन च्या घ्या."

हे बोलल्याबरोबर माझी चूक माझ्या ध्यानात आली. घर दोनशे पावलांवर. तो जाणार, घर रिकामं बघणार आणि चहाशिवाय परत येणार, आणि गाडी तोवर इथेच असणार. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. तो वळलासुद्धा.

"थांबा, पाव्हणं," मावसदीर म्हणाले. "तुमी आलात आन् गाडी बंद पडली."

"मी यायच्या आधीच बंद व्हती की."

"ते तुमास्नी कसं ठावं? म्हंजे आडोशाला हुबं राहून बघत व्हता."

"मी कशाला आडोशाला हुबा ऱ्हाऊ? वाटंनं येताना दिसलं."

"लोनीपासनं हितवर ह्या थंडीत मानूस कामाशिवाय येत न्हाय."

"काम सांगितलं की! सुनंला न्यायला आलुया."

"ते तुमी वैनीला सांगितलंत. मला कुठं सांगितलंत?"

सासरा माझ्याकडे बघू लागला. मी पाट्या बघू लागले. तो म्हणाला, "आवं, इतक्या वर्सांची वळख आपली. माझी तंबाखू खाता."

"तंबाखू खातो, म्हनून तर इचारतो," मावसदीर म्हणाले. "केलं नसंल तर ढकला."

त्याने उपरणं कमरेला बांधलं. मी पुढे बसले, मावसदीर गाडी वळवायच्या चाकापाशी बसले, आणि पाट्या चढवायला आलेले माझे दोन गडी आणि तो, असे तिघे मागे लागले. तो बरोबर मधे होता. त्याचे हात जिथे टेकले होते, तिथून घोंगडी वीतभर अंतरावर होती. गाडी हलली. उतार लागला. आणि दगडावरून चाक गेलं तेव्हा घोंगडीही हलली.

"आवं, ह्यात काय हाय?" सासऱ्याने धापा टाकत विचारलं.

मावसदिरांनी मागे वळून पाहिलं नाही. "पेरू," ते म्हणाले. "हात लावू नगा. उबंला ठेवल्यात, पिकायचं हायत अजून."

ओढ्याच्या अलीकडे गाडी खोकली, धूर सोडला आणि सुटली. मी मागे पाहिलं तेव्हा सासरा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि गाडी चालू झाल्याच्या समाधानाने आमच्याकडे बघून मान हलवत होता.

भिगवणपर्यंत सगुणा घोंगडीतच राहिली. स्टेशनावर तिने उतरून नमस्कार केला, तेव्हा मावसदिरांनी तिच्या पायातल्या नव्या वहाणांकडे पाहिलं, मग बोचक्याकडे पाहिलं आणि बोचकं उचललं. गाडी आल्यावर ते सगळ्या डब्यांसमोरून चालत गेले. बायकांच्या डब्यात एक म्हातारी बसली होती. तिला त्यांनी गाव विचारलं, जात विचारली, पुण्यात कुणाकडे जाणार ते विचारलं, आणि तिची उत्तरं पटेनात म्हणून सगुणाला तिच्यापासून दूर, खिडकीशी बसवलं. "कुनी काय दिलं तर खाऊ नगं," ते म्हणाले. "आन् पोचल्याचं कार्ड टाक."

गाडी गेली. रूळ मोकळे झाल्यावरही ते तिकडेच बघत उभे होते. मी पाट्या उतरवायला निघाले तेव्हा ते म्हणाले, "वैनी, तुमी मला सांगितलं न्हाईत."

मी म्हटलं, "भावजी, तुमी तरी कुनावर इस्वास ठेवता का?"

"मी न्हाय ठेवत," ते म्हणाले. "पन माझ्यावर ठेवायला काय हरकत व्हती?"

 मी उगाच पेरू मोजत बसले.

सासरा पुढे चार वेळा आला, भावाशी भांडला, माझ्याशी भांडला, आणि मग त्याने नाद सोडला. मावसदिरांच्या चंचीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही, आणि त्यांनी त्याच्या. सगुणा शिकली, नोकरीला लागली. तिचं पोचल्याचं कार्ड मावसदिरांनी दोनदा वाचून घेतलं आणि अक्षर तिचंच आहे का म्हणून मला दाखवलं.

त्या दिवसानंतर मला एक सवय लागली. मी त्यांना आपणहून सांगू लागले. बागेत किती माल आहे, कुणाचं पत्र आलं, कुणाच्या घरी काय चाललं आहे, सगळं. ते हँडल हातात धरून ऐकून घेत, "आसं म्हनता?" म्हणत आणि त्यातलं काही खरं मानत नसत. मग मी पुरावे देई, ते उलट विचारत, मी चिडे, आणि सांगता सांगता कधी कधी माझंच चुकलेलं माझ्या ध्यानात येई.

ते गेले त्याला आता पुष्कळ हिवाळे झाले. बाग अजून मीच बघते. गडी आहेत, सुना आहेत, कारखान्याची लॉरी पाट्या नेते. मी जे सांगते ते सगळे लगेच खरं मानतात.