दोन प्लगांची वायर

माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून टाकते. वहिनीशी मी सहा वर्षं धड बोलले नव्हते, आणि जे बोलले ते न बोलले असते तर बरं झालं असतं.

माझा दादा लाइनमन होता. वहिनीच्या कोंबडीच्या पिल्लांच्या शेडसाठी त्यानेच ती वायर केली होती, दोन्ही टोकांना प्लग असलेली. वीज गेली की आधी मेन स्विच पाडायचा, मग एक टोक भिंतीच्या सॉकेटला, दुसरं इन्व्हर्टरला, की पिल्लांना ऊब देणारे सगळे दिवे लागायचे. मेन पाडायचा राहिला तर तीच वीज उलटी खांबावर जायची. एकदा शेडची लाइन खांबावरच तुटली. दादा जोडायला चढला. पिल्लं गारठतील म्हणून वहिनीने प्लग लावला आणि मेन पाडायला विसरली. दादा परत आलाच नाही.

नंतर तिने चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. दांडा वर केला की लाइन, खाली केला की बॅटरी, मधे सगळं बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. जुनी वायर मात्र तिने शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली. "येता-जाता दिसायला हवी," म्हणायची. मला ते नाटक वाटायचं.

परवाच्या कडाक्याच्या थंडीत, भर दुपारी बोर्डातून धूर निघाला आणि खांबावर आमची लाइन सुटली. आत दोन दिवसांची चारशे पिल्लं होती. शेडमध्ये अर्धा वाटा माझा, त्यामुळे मीही तिथेच होते. खोकल्याने बेजार झालेला एक लाइनमन आला. "अर्ध्या तासात जोडतो," म्हणत वर चढला.

वहिनीने चेंजओव्हरचा दांडा खाली ओढला, तर तो लुळा पडला. आत सगळं वितळलं होतं. छताचे दिवे बॅटरीवर घ्यायची वाट बंद झाली. तिने टेबललॅम्प थेट इन्व्हर्टरला लावला आणि मावतील तेवढी पिल्लं खोक्यात घालून त्याच्याखाली ठेवली. बाकीची कोपऱ्यात एकमेकांवर चढायला लागली. खालची चिरडली जात होती.

"ती जुनी वायर लाव," मी म्हणाले. "मेन पाडलाय ना?"

"पाडलाय. पण तोही त्याच बोर्डात जळलाय. आतून सुटलाय की चिकटलाय, कसं कळणार?"

"मग त्या माणसाला खाली बोलव."

"तो उतरला तर लाइन कोण जोडणार?"

अर्ध्या तासाचा तास झाला. पिल्लांचा आवाज कमी होत गेला. माझ्या डोक्यात सणक गेली. "हे शहाणपण दादाच्या वेळी कुठे गेलं होतं?"

ती गुडघ्यांवर बसून एकेक पिल्लू वेगळं करत राहिली. मी खिळ्यावरची वायर ओढून खांद्यावर टाकली आणि एक प्लग हातात धरून पलीकडच्या भिंतीतल्या सॉकेटपाशी वाकले. प्लग सॉकेटपासून वीतभर अंतरावर होता. तेवढ्यात वर खांबावर तो खोकला. थांबला, परत खोकला. अगदी कुणाच्याही घरात माणूस खोकतो तसा.

माझा हात तिथेच राहिला.

वहिनी विसरली होती. मी तर काहीच विसरले नव्हते. सगळं माहीत असून लावायला निघाले होते. सहा वर्षं मी तिला काय काय म्हणाले, ते एकेक आठवलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. रडू आवरेना. समोर पिल्लं मरत होती आणि आम्हा दोघींना बघत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

तो उतरला तेव्हा खोक्यातली साठेक जिवंत होती. दारातून त्याने आत पाहिलं. "इन्व्हर्टर होता ना तुमच्याकडे? लावला का नाही?"

"तुम्ही वर होतात," वहिनी म्हणाली आणि त्याला पाणी आणून दिलं.

तो गेल्यावर मी तिच्याबरोबर मेलेली पिल्लं टोपलीत भरायला लागले. वायर अजून माझ्या खांद्यावरच होती. ती तोडून टाकू का, असं मी विचारलं.

तिने ती हळूच काढून घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता दोघींना दिसेल."