खणखणीत पाइप

मला सुहासने फसवलं. सुहास म्हणजे माझा सख्खा मावसभाऊ. जळगाव सोडलं तेव्हा शेजारच्या सीटवर होता, आता अमेरिकेत एडिसनमध्ये त्याचं नि माझं कुंपण एकच आहे.

निघालो त्या दिवशी माझे वडील पाइपचं दुकान बंद ठेवून स्टेशनवर आले होते. मला म्हणाले, "घेशील ते वाजवून घे." मग दोघांकडे बघत म्हणाले, "परक्या मुलखात टोकणारं कोणी नसतं. एकमेकांना टोकत जा रे." सुहास "हो" म्हणत त्यांच्या पायाशी वाकला होता. मला अजून दिसतं ते.

मी वाजवूनच घेत आलो. गाडी असो की घर, घासाघीस केल्याशिवाय मी या देशात काही घेतलेलं नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मागच्या अंगणात पोहायचा पूल बांधायला एकच कॉन्ट्रॅक्टर धरला. त्याने पूलच्या जमिनीखालच्या लाइनसाठी माझ्यासमोर काळ्या मऊ नळीचं वेटोळं टाकलं. मी भडकलोच. आमच्याकडे केळीला ठिबकने पाणी देतात ती नळी, फक्त जाड! हा मला शेतातला माल खपवतोय? मी कडक पांढरा पाइप मागवला, बोटांनी वाजवला. खणखणीत! वर भावही पाडून घेतला. सुहास खिशात हात घालून बाजूला उभा होता. म्हणाला, "नाइस पाइप आहे, यार."

आणि स्वतःच्या पूलला त्याने काळी नळी घातली.

थंडीआधी दोघांच्याही लाइनमधलं पाणी हवा मारून काढलं, तोंडं बंद केली. पण वळणात थोडं पाणी राहतंच. ते गोठून फुगलं. त्याची नळी ताणली आणि परत जागेवर आली. माझा खणखणीत पाइप उभा चिरला.

आता उन्हाळ्यात माझ्या अंगणात खणलेला चर आहे आणि कुंपणापलीकडे पाण्यात उड्या. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्याच मुलीचा. "बाबा, चिल! काकाचा पूल आहे ना," म्हणते. आई जळगावहून व्हिडिओ कॉलवर विचारते, "सुहासचा तलाव किती निळाशार रे! तुझा कधी भरणार?" मी फोन दुसरीकडे वळवतो.

शेवटी कुंपणावरूनच त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कॉन्ट्रॅक्टरने समजावलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो हसला. "तू पाइपवाल्यांचा मुलगा. तुला कोण टोकणार, यार?"

आमच्या दुकानातून गिऱ्हाईक चुकीचा पाइप घेऊन निघालं, की समोरचा पानवालासुद्धा ओरडायचा, "अहो, हा नाही टिकायचा!" वडिलांचा तिळपापड व्हायचा. आज घर म्हटलं की मला तो पानवाला आठवतो. इथे सगळे नाइस म्हणतात आणि आपापली नळी टाकतात. पण सुहास इथला नव्हता. तो माझ्याबरोबर आला होता.

मावशी, हे वाचलंस की पुढच्या कॉलवर सगळ्यांसमोर विचार तुझ्या मुलाला. आणि सुहास, वाचतोयस ना? पूल मी पुन्हा उकरून बांधेन, त्याची काळजी नको. माझ्या बापाच्या पाया पडून तू हो म्हणाला होतास. मग त्या दिवशी टोकलं का नाहीस? हसू नकोस. बोल.