शॉकअपच्या पाच खाचा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, मान हलवली आणि म्हणाले, "मोटारसायकल बंद. आजपासून."

"आणि माझी शाळा?"

"शाळेचं मला काय विचारता? मी हाडांचा डॉक्टर आहे."

असा राग आला म्हणून सांगू! माणूस शहाणा होता, बोलला ते खरंच होतं, पण त्या खऱ्याचं मी करायचं काय? शाळा पेठच्या बाजूला डोंगरात होती. नाशिकहून सकाळी वेळेवर पोहोचवेल असं एकही वाहन तिकडे जात नव्हतं. दुपारी मात्र भाजीची जीप शहराकडे यायची, तिच्यात पुढे टेकून बसायला जागा मिळायची. म्हणजे येण्याची सोय होती, जाण्याची नव्हती. माझ्या नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यात कायमची दुसरी पाळी, म्हणून तो रोज सकाळी मला मोटारसायकलवरून सोडायचा आणि परत येऊन जेवून कामावर जायचा. पेठ रोड घाटापर्यंत बरा होता. पुढे फाट्यावरून आत वळलं की रस्ता म्हणजे नुसते दगड. वर्षभर त्या दगडांवरून आदळून माझी कंबर कामातून गेली होती. फळ्यावर लिहिताना खडू खाली पडला, तर मुलांना उचलायला सांगावं लागे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कायम नोकरी मिळायला मी किती वर्षं वाट पाहिली ते सांगत नाही, पण नोकरीपेक्षा मला त्या पोरांची काळजी होती. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला निघायचे आणि पोरांनाही घेऊन जायचे. घरोघरी फिरून, भांडून, हातापाया पडून मी त्या वर्षी निम्मी पोरं आजी-आजोबांजवळ गावातच ठेवून घेतली होती. मी राजीनामा दिला असता तर माझ्या जागी दुसरं कोणी येईपर्यंत तो वर्ग रिकामा झाला असता. हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणून घरी आल्यावर मी रडले.

नवरा बाहेर गेला आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. तो कारखान्यात फिटर. कुठलंही दुःख समोर आलं की त्याला आधी पाना आठवतो.

"राजीनामा कशाला?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "गाडीच सुधारू."

त्याच्या कारखान्यात रॅलीत गाडी पळवणारा एक सहकारी होता. त्याने सांगितलं म्हणे, की गाडी रिकामी असताना मागचा भाग किती उंच राहतो आणि माणसं बसल्यावर किती खाली दबतो, हे टेपने मोजायचं. शॉकअपला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळीला, वर-खाली जायला जेवढी जागा असते त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी गाडी दबली पाहिजे. त्याहून जास्त दबली तर खड्ड्यात शॉकअप खाली आपटतो आणि कमी दबली तर माणूस उडतो. आमच्या गाडीचे जुने शॉकअप तर मी बसले की अर्ध्याहून खाली जात होते. हे जमेपर्यंत मी रजा टाकली आणि पुढचे वीस-बावीस दिवस आमच्या दारात तेलाचा वास होता. त्याने पुढच्या चाकाच्या फोर्कमधलं पातळ झालेलं तेल काढून घट्ट तेल भरलं. मागे मोठ्या गाडीचे लांब, जाड स्प्रिंगचे शॉकअप आणून बसवले. त्यांना खाली पाच खाचांची रिंग होती. पान्याने ती एकेक खाच पुढे फिरवली की स्प्रिंग कडक होत जायची. गाडी चांगली वीतभर उंच दिसायला लागली. गल्लीतली पोरं तिला डोंगरगाडी म्हणू लागली.

आता मोजायला मागे बसणारं माणूस हवं होतं. मी एकदा बसले, उतरले, पुन्हा बसले, आणि तिसऱ्यांदा कळ अशी आली की पाना त्याच्या हातातून हिसकावून अंगणात फेकला.

"माझं वजन काय ते विचारा आणि मला सोडा."

"किती आहे?"

"तेही विचारू नका!"

मग त्याने एक युक्ती काढली. त्याच्या मामाच्या शेतातून, लासलगावकडून, दर उन्हाळ्यात आमच्याकडे कांद्याच्या गोण्या यायच्या. वाण्याच्या काट्यावर त्याने अंदाजाने माझ्याइतकी गोणी भरली, जुन्या ट्यूबने मागच्या सीटवर आवळून बांधली आणि तिला घेऊन फाट्याच्या आतल्या दगडांवरून जाऊन यायला लागला. तिसरी खाच, पाचवी खाच, पुन्हा खाली. एका रविवारी तो हसतच आत आला.

"चौथी! चौथ्या खाचेवर एकदम लोण्यासारखी चालते. गोणी सोडून बघितली, एक कांदा डागाळलेला नाही."

सोमवारी मी बसले. फाट्याच्या आत पहिल्याच ओढ्याशी कमरेतून वीज गेली. शाळेपाशी मला धरून उतरवावं लागलं.

"असं कसं?" त्याचा चेहरा पडला. "गोणी तर मजेत आली होती."

"मग गोणीलाच शिकवायला पाठवा!" मी ओरडले. वर्गातली पोरं दारात येऊन बघत होती, तरी ओरडले.

तो चिडला नाही, हेच त्याचं वाईट. रात्रपाळी संपल्यासारखा चेहरा करून विचार करत राहिला आणि दोन दिवसांनी म्हणाला, "गोणी मधोमध बसते. तू दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतेस. भार एका अंगावर येतो. डावा शॉकअप कडक करायला पाहिजे." डावा पाचवर आणि उजवा तीनवर ठेवून तो एकटाच घाटात गेला आणि कोपर खरचटून परत आला. वळणावर गाडी तिरकी ओढली म्हणे. चाक धरणारा मागचा दांडाच पिळवटत होता. दोन्ही शॉकअप पुन्हा चौथ्या खाचेवर आले. त्या संध्याकाळी मी राजीनाम्याचा कागद काढून बसले. तो समोर बसून आपल्या कोपराला हळद लावत होता.

माझ्या सासूबाई हा सगळा तमाशा ओट्यावरून बघत होत्या. माहेर सिन्नरच्या बाजूचं, आयुष्य शेतात गेलेलं, नेसणं कायम नऊवारी. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही. पुढच्या रविवारी नवरा पुन्हा गोणी बांधायला लागला तशा त्या उठल्या.

"ठेव ती खाली. आपटून आपटून कांद्याचं भरीत व्हायला आलंय. मी बसते."

"आई, तू?"

"का? माझं वजन सुनेएवढं नाय का? ती कबूल करायची नाय, पण हाय."

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पदर कमरेला खोचला, एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला आणि लहानपणी बैलावर बसायच्या तसा पाय पलीकडे टाकला. गल्ली थबकली. शेजारच्या काकू धुणं टाकून गच्चीच्या कठड्याशी आल्या. गाडी निघाली तेव्हा सासूबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बराच वेळ झाला तरी त्या दोघांचा पत्ता नाही. मी देवापाशी दिवा लावला, म्हटलं आता सासूबाईंचीही कंबर गेली. मग गाडी आली. सासूबाई उतरल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चहा टाक."

"कंबर?"

"कमरेला काय झालंय? घाट उतरलो, फाट्यावरनं आतबी गेलो. मग गाडी रिझर्व्हला लागली म्हणून माघारी फिरलो. तुझी शाळा तेवढी बघायची राह्यली."

"आणि त्या दगडांवर?"

"दोन्ही पाय टेकलेले असत्यात. खड्डा दिसला का पायावर जोर देऊन जरा उठायचं, झालं. तू बसतीस एका अंगावर लटकून, कंबर पिळून, वर पर्स सांभाळत. अशानं कुणाची कंबर राह्यल गं? स्प्रिंगा बदलून काय व्हतंय?"

माझा पारा चढला. "मग काय करू? शाळेत साडीच लागते. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. पाय टाकून बसायचं तर काय पँट घालू?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वतःच्या काष्ट्याकडे पाहिलं.

"मग ही काय पँट हाय व्हय?"

नवरा आधी हसला. मग मी. इतकं हसले की कंबर दुखली आणि तरी हसणं थांबेना. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. तो स्प्रिंगकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

त्यांच्या ट्रंकेतून एक हिरवी नऊवारी निघाली. आठवडाभर त्या मला रोज काष्टा घालायला शिकवत होत्या आणि रोज माझा काष्टा सुटत होता. "बी.ए. झालीस ना गं?" असं त्या विचारायच्या. पण जमलं. सोमवारी मी दोन्हीकडे पाय टाकून बसले. खड्डा आला की उठायचं, असं मनात म्हणत गेले. ओढा आला आणि मी उठले. ओढा गेला आणि मी पुन्हा बसले. कमरेत थोडं ठणकलं, पण वीज नाही. शाळेपाशी मी माझी मी उतरले. माझा नवरा, जो लग्नातसुद्धा गंभीर होता, त्याने तिथेच हॉर्न वाजवला. चौथी खाच आता मला तंतोतंत लागू पडली होती, कारण अखेर मी गोणीसारखी मधोमध बसले होते. हे त्याने पुढे दहा वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगितलं.

हेडमास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, साडीच आहे," मी म्हटलं. "तीन वार जास्तच आहे." त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला.

गावातल्या बायका मात्र बोलल्या. त्यांचं लुगडंही काष्ट्याचंच, गुडघ्यापर्यंत आखूड. एकीने माझा काष्टा जरा वर ओढून घट्ट खोचून दिला, चेनमध्ये अडकू नये म्हणून, आणि म्हणाली, "आता कशी बाई आमची दिसतीस." पुढच्या दिवाळीनंतर तिची दोन्ही पोरं वर्गात राहिली. डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा आणि व्यायामही मी सोडला नाही, खोटं कशाला बोलू. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "मी असं सांगितलं नव्हतं. पण चालू द्या."

मग नवऱ्याची पाळी बदलून सकाळची झाली, आणि मी गाडी चालवायला शिकले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. शिकताना मी दोन कुंपणं आणि एक दुधाची किटली पाडली. पण दोन हजार साल उजाडलं तेव्हा घाटातून मी एकटी जात होते, नऊवारीत, त्या उंच गाडीवर. एकटी असले की रिंग पहिल्या खाचेवर, कारण माझ्या एकटीच्या वजनाला स्प्रिंग मऊच लागायची. रविवारी सासूबाई मागे बसायच्या, कधी त्र्यंबकला, कधी सिन्नरला भावाकडे. तेव्हा नवरा टेप घेऊन यायचा, मोजायचा आणि रिंग तिसऱ्या खाचेवर न्यायचा. त्याला टेपशिवाय चैन पडत नाही.

"तुझी शाळा कवा दावतीस?" त्या दर वेळी विचारायच्या.

"रस्ता होऊ द्या, मग नेते," मी म्हणायचे. रस्ता दर वर्षी होणार होता.

काही वर्षांनी त्यांना रिंग दुसऱ्या खाचेवर पुरायला लागली. नवऱ्याने दोनदा मोजलं, मग टेप गुंडाळली. सासूबाईंचं जेवण कमी झालं होतं, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. औषधपाणी चालू होतं. त्या मात्र तशाच होत्या, माझ्या भाकरीला नावं ठेवण्याइतक्या धडधाकट.

एका हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही सिन्नरला निघालो होतो. त्या मागे बसल्या. नवऱ्याने टेप लावली, रिंग फिरवली, पुन्हा लावली. मी हँडल धरून बसले होते आणि मला पाठीमागे कोणी बसल्याचं जाणवतच नव्हतं. तो उठेना म्हणून मी मान वळवून पाहिलं. रिंग पहिल्या खाचेवर होती. माझ्या एकटीच्या.

"कितवी?" सासूबाईंनी विचारलं.

"पहिली," नवरा म्हणाला.

"आणि तिच्या खाली?"

"तिच्या खाली नसते, आई."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मग सिन्नर ऱ्हाऊ दे. भाऊ काय पळून जात नाय. शाळेकडं घे."

"अहो आई, रस्ता अजून..."

"रस्ता माझ्या बघण्यातला हाय. घे म्हणते ना."

घेतली. पेठ रोड, घाट, फाटा. आत वळल्यावर मी गाडी अगदी हळू केली. दगड तेच होते. माझं निम्मं लक्ष मागेच होतं. त्यांचे हात माझ्या कमरेला आहेत ना, एवढंच मी चाचपत होते. ओढा जवळ आला. पलीकडे शाळेचं कौलारू छप्पर दिसायला लागलं, आणि रविवार असूनही गावातली पोरं गाडीचा आवाज ओळखून धावत सुटली होती.

"आई, खड्डा!" मी ओरडले.

माझ्या कमरेवरची पकड घट्ट झाली आणि त्या माझ्याआधी पायांवर उठल्या.

"दिसला गं," मागून आवाज आला. "तू पुढं बघ."