एकशे अठरावा दिवस

"सोरो हांवें सोडूंक ना. जेजून सोडयलो." दारू मी सोडली नाही, येशूने सोडवली. केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीचा दोर खांबाला अडकवता अडकवता तो खलाशी हे कुणालाही ऐकवायचा.

तुम्ही त्या फेरीबोटीने तेरेखोलला गेला असाल, तर त्याला आधीच्या दिवसांतही पाहिले असेल. मी रोज पाहायचो. पलीकडच्या खाणीत माझी कारकुनी होती. तोंडावर माशा, पँट ओली, आणि बायको त्याला काखेत धरून घरी ओढत नेणारी. मला शिसारी यायची.

मग पाद्र्याने त्याला आठवडाभर प्रार्थनेच्या शिबिराला नेले. परतला तो दाढी केलेला. हातांची थरथर थांबली, दोर पहिल्याच फेकीत खांबावर पडू लागला. पहिल्या फेरीआधी धक्क्यावरच्या खुर्सापुढे, म्हणजे क्रुसापुढे, तो गुडघे टेकायचा आणि उठून मला विचारायचा, "क्लार्कबाब, आज किती?"

मी आकड्यांचा माणूस, म्हणून दिवस मोजायचे काम त्याने माझ्याकडे दिले होते.

"बेचाळीस."

"देव बरें करूं."

त्याच आकड्यांवर आम्हा रोजच्या प्रवाशांची पैज लागली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. तो कधी घसरतो, यावर. जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी कोंबडी-वडे घालायचे. मी चार महिने म्हटले होते.

खुर्साची लादाईन आली. ही तिथली वर्षाची प्रार्थना. ती संपली की उकडलेले चणे आणि फेणी वाटतात, हिंदूसुद्धा घेतात. त्या वर्षी यजमान तोच. त्याने चणे वाटले आणि फेणीऐवजी लिंबूसरबत.

"सोरो नासतना? ही लादाईन काय बारसो रे?" एकजण ओरडला.

"घेयात रे, लिंबू घरचीं," तो हसून म्हणाला.

तो मेणबत्त्या विझवायला वळला, तेव्हा त्या ओरडणाऱ्याने खिशातल्या बाटलीतली फेणी त्याच्या पेल्यात ओतली. मी पाहिले. दिवस एकशे अठरावा होता, आणि पैजेतल्या आकड्यांत माझे एकशे वीसच त्याच्या सर्वांत जवळ. मी गप्प बसलो.

एक घोट पोटात गेला आणि त्याला कळले. घशात बोटे घालून त्याने कुंपणापाशी ओकून टाकले. लोक टाळ्या पिटत होते. "क्लार्कबाब जिंकलो!" त्याने तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

सकाळी त्याने काही विचारले नाही. मीच म्हणालो, "एकशे एकोणीस. फसवून पाजलेली धरायची नाही."

"एक," तो म्हणाला. "आनी आतां तुमी मेजूं नाकात." आता तुम्ही मोजू नका.

रविवारी पैजेचे जेवण झाले. मी गेलो. पाच वडे खाल्ले. लिहितानाही स्वतःची किळस येते.

महिन्याभरात तो बदली मागून दुसऱ्या धक्क्यावर गेला. त्याचा आज कितवा दिवस, ते मला माहीत नाही.