तांब्याचा जबाब

माझ्या हातून खून-दरोड्यांचेही तपास झाले, पण मनातून जात नाही ती कल्याणची तांब्याचोरी. एकोणीसशे पन्नास साल नुकतेच उलटले होते, मी तिथे फौजदार होतो. बाजारामागच्या एका आळीत ओट्यावर घासून पालथे ठेवलेले पाण्याचे तांबे भरदुपारी नाहीसे होत होते. चार तक्रारी झाल्यावर आमच्या खबऱ्याने पक्की बातमी आणली: भांडी वितळवणारी टोळी उतरली आहे.

मी एका हवालदाराला साध्या वेशात, कल्हईवाला म्हणून आळीत बसवले. शेजारी त्याच्याच घरचा तांब्या ठेवला. उन्हाने त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आठेक वर्षांची एक मुलगी तांब्या घेऊन शांतपणे चालली होती. तो मागोमाग गेला. आम्ही घराची झडती घेतली, तर त्याचा धरून पाचही तांबे खाटेखाली सापडले.

घरात मुलीची काकू एकटीच होती. मुलीची आई आठवड्यापूर्वी खडवलीला आजारी वडिलांकडे गेलेली. काकूने रडत कबूल केले की पोर जन्मापासून बोलत नाही, तांबे कुठून आणते कळत नाही, अब्रूच्या भीतीने आपणच ते लपवले. बाहेर जमलेले शेजारी घरमालकाला सांगत होते, हे बिऱ्हाड आजच उठवा.

मी मुलीची चौकशी सुरू केली. नाव काय? कुणी पाठवले? ती छताकडे पाहत बोटे हलवत राहिली. मी आवाज चढवला तेव्हा तिने कान झाकले. मग उठून मुद्देमालातला एक तांब्या माझ्या हातात दिला. मी पंचनाम्यात नोंद घ्यायला सांगितली, 'मुलीने ऐवज स्वखुशीने हजर केला.' तांब्या खाली ठेवला. तिने पुन्हा दिला. तिसऱ्यांदा तर माझ्या छातीवरच आपटला.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, पोरीला तहान लागली असंल."

पाणी दिले. ती घटाघट प्यायली.

दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा उलगडा झाला. पाणी हवे तर तांब्या हातात द्यायचा, भूक लागली तर ताट, असे तिने लेकीला कित्येक महिने खपून शिकवले होते. घाईत जावेला सांगायचे राहिले. पोर तांब्या नाचवते म्हणून काकूने घरातला फळीवर ठेवून दिला. मुलीने शेजारचा आणला. पाणी मिळाले नाही, तांब्या मात्र जप्त झाला. तिने दुसरा आणला. इतका सरळ विचार मला माझ्या खात्यातही क्वचितच आढळला.

मी शेजाऱ्यांना बोलावून ज्याचा तांब्या त्याला दिला आणि आईला सारे त्यांच्यासमोर सांगायला लावले. बिऱ्हाड उठवण्याची भाषा थांबली. इतक्यात मुलीने माझी टोपी आणून माझ्या हातात ठेवली. आता हिला काय हवे, असे मी विचारले. आई संकोचली.

"काही नाही साहेब. तुम्ही आता निघावं, असं म्हणतेय."

मी निघालो.

आज डॉक्टर अशा मुलांना स्वमग्न म्हणतात आणि चित्रांनी, खुणांनी मागायला शिकवतात. तेव्हा आम्हाला तो शब्दही ठाऊक नव्हता. जो उत्तर देत नाही तो काहीतरी दडवतो, एवढेच मला ठाऊक होते. पुढे निवृत्त होईपर्यंत, कुणाचीही चौकशी सुरू करण्याआधी मी त्याला पाणी विचारत असे.