मार्थाबाई, कानबाई आणि माझा व्हायव्हा

पीएच.डी. करणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्स माझ्या मुलीने, ओवीने, फाडल्या. उरलेल्यांवर वरण सांडलं. किस्से मात्र जसेच्या तसे शाबूत आहेत. गाईडला सांगावेत असे नाहीत आणि प्रबंधात घालावेत असे तर मुळीच नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा विषय होता, मॉर्मन स्त्रियांचे आध्यात्मिक अनुभव आणि त्यामागचं मानसशास्त्र. राहायला धुळ्यात देवपूरला, सासर भडगावचं, आणि विषय थेट अमेरिकेतला! हे कसं झालं तिथूनच सुरुवात करते.

* * *

आमचे गाईड पाटील सर. विषय ठरवायला गेले तेव्हा मी म्हटलं, "सर, मोबाइलचं व्यसन घेऊ का?"

"तुमच्याआधी चौघांनी घेतलंय. त्यातल्या दोघांना आता मोबाइलचं व्यसन आहे."

मग सरांनी विचारलं, परदेशात कोण आहे का? मी म्हटलं, नणंद आहे, युटाला. तिच्या शेजारी मार्था नावाच्या बाई आहेत. मॉर्मन आहेत. म्हणजे ख्रिस्तीच, पण अमेरिकेतच उगम पावलेला वेगळा पंथ. स्वभावाने फार गोड, नणंदेच्या बाळंतपणात पंधरवडाभर डबा दिला त्यांनी.

सर खुर्चीत सरसावून बसले. "प्रज्ञाताई, हाच विषय! जळगाव-धुळ्यात यावर प्रश्न विचारणारा माणूस सापडायचा नाही!"

एवढ्या एका भरवशावर मी नाव नोंदवलं. पुढे ओवी झाली, दोनदा मुदतवाढ घेतली. तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठाने स्वच्छ सांगितलं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मी ठरवलं, यंदाच. ठरवताना आवाज जरा कापला, पण ठरवलं.

* * *

मार्थाबाईंच्या मुलाखती व्हिडिओ कॉलवर, सकाळी व्हायच्या, कारण आपली सकाळ ती त्यांची संध्याकाळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की मनापासून प्रार्थना केली आणि उत्तर आलं की छातीत एक ऊब जाणवते. शांत, स्थिर. ती जाणवली की समजायचं, वाट बरोबर आहे.

मी हे रिसर्च रूममध्ये वाचून दाखवलं. माझ्या शेजारी वैशाली बसते, तिचा विषय बँकेतल्या क्लार्कांचा ताण. ती म्हणाली, "ॲसिडिटी असेल गं."

सर चिडले. "हीच चूक करतात लोक! शरीरात काय होतं ते सांगितलं म्हणजे अनुभव संपला का? वैशाली, साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या छातीत काय झालं होतं?"

"धडधडत होतं, सर."

"आणि मी तेव्हा त्याला ॲसिडिटी म्हटलं असतं तर?"

वैशालीने हात जोडले. "तर सर, आज तुमचे पाय धरले असते!"

* * *

मॉर्मन लोक चहा पीत नाहीत. कॉफीही नाही. श्रद्धेसाठी काही सोडलं की ती श्रद्धा आणखी घट्ट होते, असं आमचं शास्त्र म्हणतं. मला वाटलं, पुस्तकात वाचण्यापेक्षा करून बघावं. मी चहा सोडला.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्यावर, योगेशवर, ओरडले. चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात बिल्डिंगमधल्या तीन काकू, हातात थर्मास!

झालं होतं असं, की सासूबाईंनी जिन्यात सहज सांगितलं होतं, "सूननी चहा सोडी दिधा. त्या अमेरिकावाली बाईना धरममा चहा चालस नही." आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जाता जाता माझं धर्मांतर झालं होतं.

काकू माझ्यासमोर बसल्या. एकीने हात हातात घेतला. "कोणाचं काय टेन्शन आहे का बेटा? ओवीकडे बघ. दोन घोट घे, मग शांतपणे बोलू."

मी समजावून सांगणार होते. संशोधन, सहभागी निरीक्षण वगैरे. पण थर्मासचं झाकण उघडलं आणि आल्याचा वास आला.

पहिल्या घोटाला छातीत जी काय ऊब पसरली म्हणून सांगू! पाटील सरांनी ती प्रबंधात घालू दिली नाही.

* * *

तुलनेसाठी आपल्याकडच्या बायकांशीही बोलायचं होतं. श्रावणात भडगावला गेलो होतो, घरात कानबाई बसली होती. रविवारी नारळरूपी देवीची स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. भावकीतल्या सगळ्या बायका एका घरात. संशोधकाला आणखी काय हवं! मी मात्र शहाणी. निघताना प्रश्नावल्या घेऊन गेले.

प्रश्न: "मला देवाचं अस्तित्व जाणवतं." पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

चुलतसासू रोट लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं. "वं माय, कानबाई घरमा बठेल शे, अन् तू इचारस जाणवस का?"

मी ओशाळले. "चुकलं काकू. मग 'नेहमी' लिहू?"

"नेहमी कसं लिखस? उद्या तर तिनं विसर्जन शे!"

मी तो कागद कोराच ठेवला. आजपर्यंत मला त्याचा पर्याय सापडलेला नाही.

* * *

मॉर्मन लोकांत महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून सगळे जमतात. ज्याला वाटेल तो उठतो आणि आपल्या श्रद्धेबद्दल बोलतो. ते "माझा विश्वास आहे" म्हणत नाहीत. "मला माहीत आहे" म्हणतात. चारचौघांत उच्चारलं की माणसाच्या आत ते पक्कं होत जातं, यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे.

आणि मी? माझं प्रत्येक वाक्य "कदाचित"ने सुरू होतं. सेमिनारला मी म्हटलं, "मला वाटतं की कदाचित असं म्हणता येईल..." सर मागच्या बाकावरून ओरडले, "ताई, हा तुमचा निष्कर्ष आहे की दिलगिरी?"

मग मी घरी आरशासमोर सराव सुरू केला. "मला माहीत आहे. मला माहीत आहे." आठवडाभर.

पुढच्या सोमवारी स्वयंपाकघरात दूध सांडलेलं. "ओवी, कोणी सांडलं गं?"

ओवीने हनुवटी वर केली. "माईत आये!"

"कोणी?"

"माईत आये!"

हे मी मार्थाबाईंना सांगितलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसले. त्यांचा थोरला मुलगा पंथ सोडून गेलाय. त्याच्याविषयी त्या कधी वाईट बोलत नाहीत. म्हणाल्या, "रविवारी मी उभी राहून म्हणते, मला माहीत आहे. मंगळवारी स्वयंपाकघरात म्हणते, मला आशा आहे. दोन्ही लिही, प्रज्ञा. दोन्ही खरं आहे."

मी लिहिलं. "कदाचित" न लावता.

* * *

आता माझी गोष्ट. ओवी झाल्यापासून माझ्याही आत एक आवाज बोलतो. तो ऊबदार वगैरे काही नाही. तो फक्त एकच सांगतो: पडली.

एकदा रिसर्च रूममध्ये बसले होते आणि आवाज आला. पडली! मी स्कूटीवर सुसाट घरी. जिन्यातूनच "ओवीऽऽ" ओरडत वर. ओवी सासूबाईंच्या मांडीवर केळं खात बसलेली.

सासूबाई म्हणाल्या, "पडनी नही ती. पन तू अशी वरडत येशी तं दचकीसन पडी जाई!"

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, साधं आहे. खरी ठरलेली शंका लक्षात राहते, खोट्या ठरलेल्या आपण विसरतो. म्हणून आतल्या आवाजावर विश्वास बसतो."

"सर, पण माझी एकही खरी ठरलेली नाही. तरी बसतो."

सर म्हणाले, "मग तुमची श्रद्धा मार्थाबाईंपेक्षा मोठी म्हणायची!"

हसले सगळे. मी नाही. मार्थाबाईंना पुढच्या मुलाखतीत विचारलं, "देवाचा आवाज कोणता आणि भीतीचा कोणता, हे तुम्ही कसं ओळखता?"

त्यांनी चष्मा काढला. "हा प्रश्न प्रबंधासाठी आहे की तुझ्यासाठी?"

मी म्हटलं, प्रबंधासाठी. बोलताना नजर पडद्यावर नव्हती, पाळण्यावर होती.

त्या म्हणाल्या, "भीती घाई करते. दुसरा आवाज मला कधी पळायला लावत नाही. पण चुकते मीसुद्धा. माझ्या मुलाला विचार!"

* * *

व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, जळगावला. धुळ्याहून सकाळी निघायचं, परत यायला संध्याकाळ. ओवीला जन्मापासून इतका वेळ सोडलं नव्हतं. सासूबाई गावी गेल्या होत्या, त्या खास भडगावहून परत आल्या. पारोळ्यापर्यंत आवाज तीनदा बोलला. योगेश म्हणाला, "गाडी वळवू का?" मी म्हटलं, "आता वळवलीस तर मी कायमची वळेन. चल."

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक होत्या. सरांचा अंदाज साफ चुकला, मॅडमनी विषय कोळून प्यायला होता. तासभर सोललं त्यांनी मला. आणि शेवटी नेमकं तेच विचारलं, "आतून आलेली प्रेरणा आणि आतून आलेली चिंता, यात अनुभवणाऱ्याने फरक कसा करायचा?"

मी तोंड उघडलं आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. सासूबाई! त्या कधीच आपणहून फोन करत नाहीत. त्यांच्या मते फोन वाईट बातमीसाठी असतो.

पडली, आवाज म्हणाला.

मी फोन पालथा घातला.

मॅडम म्हणाल्या, "घरून आहे का? उचला ना."

"नाही मॅडम. उत्तर संपल्यावर."

"लहान मूल आहे तुम्हाला. भीती नाही वाटत?"

"वाटते, मॅडम. खूप वाटते. पण वाटणं हा पुरावा नव्हे. तिच्याजवळ माझ्या सासूबाई आहेत, हे मला माहीत आहे. फरक करता येतो की नाही ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण पळायच्या आधी थांबता येतं. सगळ्या मुलाखतींतून मला एवढंच सापडलं."

फोन थांबला. माझा आवाज या वेळी कापला नव्हता.

मॅडम काही लिहीत होत्या, तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला! "हां बाळा, बरा आहेस ना? जेवलास? सकाळपासून नुसतं काहीतरी वाटत होतं रे मला!"

मॅडमनी फोन ठेवला, सगळ्यांकडे बघितलं आणि चष्मा सारखा केला.

"चला डॉक्टर," त्या मला म्हणाल्या, "तुम्हीही करून घ्या आता तुमचा."

सर टाळ्या वाजवत होते, खास माझ्यासाठी आलेली वैशाली रडत होती. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आई! काय झालं? ओवी?"

"काय व्हवानं? दूधभाकर खाईसन झोपनी."

"मग फोन कशाला केला होता?"

सासूबाई म्हणाल्या, "काय माहीत माय. मनमा ऊनं, फोन लाई दिधा."