दारात हात घालणारे माझे साडू

माझ्या साडूंइतका दारांवर अविश्वास असलेला माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा नसेल. ठाण्यात लिफ्टची दारं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि खोडाळ्याला परतल्यावर त्यांनी जव्हारमधल्या एका चारमजली इमारतीची लिफ्ट सांभाळायला घेतली. कुठलीही लिफ्ट दिसली की ते लगेच आत शिरत नाहीत. मिटत्या दारात आधी हात घालतात, मग छत्रीची दांडी, मग घोट्याच्या उंचीवर चप्पल. दार प्रत्येक वेळी मागे सरलं तरच बायकोला म्हणतात, "चला." नाशिकच्या एका लग्नात या तपासणीपायी नवरदेव खालीच ताटकळला. वरून मुहूर्ताच्या हाका येत होत्या आणि साडू त्याला शांतपणे सांगत होते, "दाराच्या दोन्ही कडांना पट्ट्या असतात बघा. एकीतून न दिसणारे किरण निघतात, दुसरीवर पडतात. मध्ये काही आलं की किरण अडतो नि दार उघडतं. तुमचा शेला लोंबतोय, तो घालून बघू." शेला तपासला गेला, मगच नवरदेव वर गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर जव्हारच्या त्या इमारतीतली पट्टी बिघडली. दार मिटायला जायचं, मध्ये कुणी नसताना परत उघडायचं, नि लिफ्ट जागची हलायची नाही. तिसऱ्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर. इमारतीचे अध्यक्ष काकुळतीला आले.

"पेशंट जिने कसे चढणार? नवी पट्टी येईपर्यंत सेन्सर काढून टाका की."

"दार मिटेल, पण त्याला दिसणार नाही," साडू म्हणाले. "कंबर धरून सावकाश आत जाणारा माणूस मध्ये असला तर?"

"आणि तोच जिन्यावर पडला तर?"

साडू लिफ्टचा मेन स्विच बंद करून थेट डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "पेशंटना वर येता येत नाही, तुम्ही खाली चला." तिथे काय वादावादी झाली ठाऊक नाही, पण मी खांदा दाखवायला पोचलो तेव्हा डॉक्टर पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कुणाचा तरी गुडघा वाकवत होते, आणि साडू नंबर पुकारत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आडोशाला चादर बांधून दिली. नाशिकहून पट्टी येईपर्यंत दवाखाना तिथेच चालला.

पट्टी बसवली त्या दिवशी सूर्यमाळची एक आजी आली. लिफ्टसमोर थबकली.

"दारानं धरलं तं, दादा?"

साडूंनी मिटत्या दारात कोपरापर्यंत हात घातला. दार मागे सरलं. आजीनं बिचकत काठी पुढे केली. दार पुन्हा सरलं. मग तिला गंमतच वाटू लागली. मागचे लोक कुरकुरले तसे साडू म्हणाले, "घाई असेल त्यांनी जिना घ्यावा." आजी मनसोक्त हसली आणि त्यांचा दंड धरून आत गेली.

आता साडूंची नजर अधू झालीय आणि अध्यक्षांनी काम दुसऱ्याकडे दिलंय. लिफ्ट उत्तम चालते. तरी बाजाराच्या दिवशी ते जव्हारला येतात, तळमजल्यावर भिंतीला टेकून उभे राहतात. माणसं आत जातात, दार मिटतं, कुणी वळून बघत नाही. कुणी विचारलंच तर साडू म्हणतात, "काही नाही, एसटीची वाट बघतोय." खोडाळ्याची गाडी तेव्हा केव्हाच निघून गेलेली असते.